निवृत्ती रजाची, की स्त्रीची?

आपल्या समाजाने स्त्रीच्या शरीरधर्मावर जितके समारंभ उभारले तितके क्वचितच दुसऱ्या कशावर उभारले असतील. मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवावयाचे, तिची ओटी भरावयाची. पुढे ऋतुशांती, मग डोहाळजेवण, मग बारसे. आज मखरे बहुतेक ठिकाणची गेली, ऋतुशांतीचे नावही नव्या पिढीला ठाऊक नाही. तथापि डोहाळजेवणे पूर्वीपेक्षा अधिक थाटाने होतात आणि त्यांची छायाचित्रे आप्तेष्टांत कौतुकाने फिरतात. परंतु ज्या घटनेने ही सारी मालिका सुरू झाली ती तीस-पस्तीस वर्षांनी थांबते, तेव्हा काय होते? काहीही होत नाही. ओटी नाही, आरती नाही, साधी विचारपूसही नाही. घरातील बाईची पाळी गेली ही गोष्ट नवऱ्याला पुष्कळदा उशिरा कळते, मुलांना बहुधा कळतच नाही. उलट पुरुषाला साठावे वर्ष पुरे झाले की षष्ट्यब्दिपूर्ती, शांत, सत्कार आणि दैवात साहित्यिक मित्र असले तर गौरवग्रंथदेखील!

हे मौन अज्ञानातून आलेले नाही. सुश्रुतसंहितेने रजोदर्शनाचे वय बारा आणि रज थांबण्याचे वय पन्नास असे स्पष्ट सांगून ठेवले आहे. युरोपीय वैद्यकाने ज्याला 'मेनोपॉज' म्हटले त्या शब्दाचे फ्रेंच मूळ गार्दान नावाच्या वैद्याने १८२१ साली रूढ केले; म्हणजे वस्तू आपल्याला कितीतरी आधी माहीत होती. आपण तिला 'रजोनिवृत्ती' असे भारदस्त नावही दिले. चूक झाली ती समासाचा विग्रह करताना. रजाची निवृत्ती ती रजोनिवृत्ती. परंतु व्यवहारात आपण ती स्त्रीचीच निवृत्ती आहे असे धरून चाललो. कचेरीतल्या माणसाला निवृत्त करताना निदान निरोपाचा हार घालतात व निवृत्तिवेतन देतात. येथे हारही नाही, वेतनही नाही, आणि काम मात्र पूर्वीइतकेच आहे.

प्रस्तुत लेखात जे म्हणावयाचे आहे ते थोडक्यात असे. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे पुष्कळ स्त्रियांना 'मी आता कोण?' हा प्रश्न पडतो आणि तो कित्येकींना पोखरतो. या प्रश्नाचे खापर आपण त्यांच्या शरीरावर फोडतो. ते खोटे आहे. शरीर बदलते हे खरे. पण स्त्रीची ओळख गर्भाशयाला बांधून ठेवण्याचे काम शरीराने केलेले नाही. ते कुटुंबाने, धर्माने, शासनाने आणि आता बाजाराने केले आहे. खुंटी मोडली म्हणून तिच्यावरचे वस्त्र खाली पडले, तर दोष खुंटीचा नव्हे. सारे वस्त्र एकाच खुंटीला अडकविणाऱ्याचा आहे.

आधी शरीराचे म्हणणे ऐकून घेऊ. स्त्रीच्या बीजकोशांत जन्मतःच बीजांचा ठरावीक साठा असतो. तो सरत आला की इस्ट्रोजेन नावाचा स्राव प्रथम अनियमित होतो व मग उतरतो. पाळी एक वर्षभर आली नाही म्हणजे ती गेली असे वैद्यक मानते. परंतु त्याच्या आधीची काही वर्षे चढउताराचीच असतात. शरीराचे तापमान सांभाळणारी मेंदूतील यंत्रणा बिचकते आणि अंगातून वाफा निघतात. रात्री घामाने झोप मोडते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशीचे मन थाऱ्यावर राहत नाही. हाडे विरळ होऊ लागतात. कोणाला हे सारे सोसावे लागते, कोणाला यातले काहीच जाणवत नाही. हा आजार नव्हे. पण सोसणाऱ्याला उपचाराचा हक्क नाही इतकी ती क्षुल्लक गोष्टही नव्हे. शरीराचे म्हणणे एवढेच आहे. 'तू संपलीस' असे त्यात कोठेही लिहिलेले नाही.

मग ते कोणी लिहिले? यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका घेऊ. या तालुक्याचे नाव केळापूरचे आणि ठाणे पांढरकवड्यास. नाव एकीकडे आणि कारभार दुसरीकडे. तेथल्या बाईची गत याहून फारशी निराळी नाही. लग्नात तिचे नाव बदलले जाते. मग ती अमक्याची बायको, पुढे अमक्याची माय, मग सासू आणि अखेरीस बुढी. यातला एकही शब्द अपमानाचा आहे असे नव्हे. वऱ्हाडी बोलीत 'माय' या शब्दाला जो ओलावा आहे तो दुसऱ्या शब्दाला क्वचित असेल. परंतु या सगळ्या संबोधनांत तिचा स्वतःचा उल्लेख शोधून सापडत नाही. नाती चालू आहेत तोवर हे खपून जाते. लेकरे मोठी होऊन पांगली, सून आली, आणि त्याच सुमारास पाळीही गेली, म्हणजे बिचारीला कळत नाही की ज्या नावाने आजवर हाक येत होती ते नाव कोणाचे होते.

आणि ही बाई काही घरात बसून असते असे नाही. केळापूर हा कपाशीचा मुलूख. दसरा-दिवाळीपासून वेचणी सुरू होते आणि ती मुख्यत्वे बायकांच्या हातून होते. मजुरी वजनावर, किलोमागे. दिवसभर वाकून वेचणाऱ्या त्या हातांना पंचेचाळिशीची सवलत नाही, पन्नाशीची निवृत्ती नाही. रात्रभर वाफांनी झोप न आलेली बाई सकाळी शेतात उभी राहते आणि वजन कमी भरले तर मजुरी कमी पडते. म्हणजे तिचे श्रम गर्भाशयावर अवलंबून नव्हते; प्रतिष्ठा मात्र त्याच्यावर अवलंबून ठेवली. श्रम पन्नाशीनंतरही चालतात आणि प्रतिष्ठा तेथेच थांबते, हा कोणता हिशेब?

शासनाने हा हिशेब सुधारावयास हवा होता. त्याने तो वहीत उतरवून पक्का केला. आरोग्य उपकेंद्रात 'जननक्षम जोडप्यां'ची नोंद ठेवतात; पत्नीचे वय पंधरा ते एकोणपन्नास असेल तोवर ते जोडपे त्या नोंदीत. १९९२–९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही स्त्रीच्या वयाची वरची मर्यादा ४९ हीच आहे. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीतही तीच होती. भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते; पाश्चात्य देशांत ते वय एक्कावन्नाच्या आसपास आहे. याचा अर्थ असा की आमच्या स्त्रीला जेव्हा विचारण्यासारखे खरोखर पुष्कळ काही असते, नेमके तेव्हा विचारणारा प्रश्नपत्रिका मिटून पुढच्या घरी जातो. तिशीनंतर सर्वांचा रक्तदाब, मधुमेह व कर्करोग तपासण्याची योजना अलीकडे आली आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु कित्येक दशके स्त्रीच्या आरोग्याचा अर्थ 'माता व बालक' एवढाच घेतला गेला, आणि जी माता होण्यापलीकडे गेली ती आरोग्याच्याही पलीकडे गेली असे गृहीत धरले गेले, हे नाकारता येणार नाही. आजीबाईंची परंपरा ओटी भरणे थांबवते. शासनाची वही नाव गाळते. दोघींची भाषा निराळी, मत एकच.

येथे वऱ्हाडच्याच एका लेखिकेची आठवण अपरिहार्य आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली तेव्हा त्यांची रीत अगदी सोपी होती. स्त्रीवर ठेवलेला प्रत्येक आरोप उचलावयाचा आणि पुरुषाला लावून पाहावयाचा. ती रीत येथे लावून पाहू. पन्नाशीची बाई चिडते, ती 'डोक्याने बिघडली'. पन्नाशीचा पुरुष चिडतो, तो 'कडक शिस्तीचा'. तिचे केस पिकले म्हणजे ती म्हातारी. त्याचे पिकले म्हणजे तो पोक्त. ती एकटी बसू लागली तर 'तिचे कशात लक्ष नाही'; तो एकटा बसू लागला तर 'चिंतनशील'. मनुस्मृतीने पुरुषाला अंगावर सुरकुत्या व घरात नातू दिसू लागल्यावर वनात जाण्याचा आश्रम दिला. पत्नीचे काय करावयाचे? एकतर तिला मुलांच्या स्वाधीन करावे, नाहीतर बरोबर न्यावे! तो आश्रम स्वीकारतो आणि ती सामानासारखी कोठेतरी पोचविली जाते. पन्नाशीच्या स्त्रीला स्वतःचा असा आश्रम आपल्या शास्त्राने दिलाच नाही.

यावर परंपरेचे अभिमानी एक उत्तर देतात. ते म्हणतात, 'तुम्ही उगाच रडता. आमच्यात पाळी गेलेल्या बाईचा मान वाढतो. तिला सोवळ्याचा स्वयंपाक करता येतो, देवघरात वावरता येते, कुलाचारात ती पुढे असते.' हे उत्तर ऐकावयास गोड आहे. म्हणून त्याची चिकित्सा अधिक कठोरपणे केली पाहिजे. ज्या कैद्याला तीस-पस्तीस वर्षांनी सोडले त्याच्या सुटकेचा सोहळा करणारा तुरुंगाधिकारी जितका उदार, तितकीच ही परंपरा उदार आहे. आज ती शुद्ध झाली म्हणता, म्हणजे काल ती अशुद्ध होती हे म्हणणे आलेच. शबरीमलाच्या देवळाचा नियम याचा उघडा नमुना होय. दहा ते पन्नास वर्षांच्या स्त्रीला तेथे बंदी. पन्नाशी उलटली की वाट मोकळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती बंदी घटनाबाह्य ठरविली आणि पुढे तो वाद मोठ्या पीठाकडे गेला. पण नियमाच्या मुळाशी असलेली समजूत कोणत्याही पीठाने जाण्यासारखी नाही, कारण ती आपल्या स्वयंपाकघरात राहते. आमच्या विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोलीच्या माडिया गावांतील कुर्माघराकडे बोट दाखवून नागपूर-यवतमाळची शिकलेली घरे हळहळतात. त्यांनी आपल्या देवघराच्या उंबरठ्याकडेही एकदा पाहावे. कुर्माघराला भिंती आहेत आणि आपल्या घरच्या कुर्माघराला नाहीत, एवढाच काय तो फरक.

केळापूरला जगदंबेचे देऊळ आहे. नवरात्रात तेथे यात्रा भरते आणि दूरदूरच्या बायका येतात. त्या देवीला आपण जगाची आई म्हणतो. तिचे वय कोणी विचारले आहे काय? कामाख्येला दरवर्षी ऋतू येतो असे मानून आसामात तीन दिवस देऊळ बंद ठेवतात व मग उत्सव करतात. पण एखाद्या देवीला रजोनिवृत्ती आली आणि म्हणून तिचे देवीपण उणे झाले, असे कोणत्याही पुराणात ऐकिवात नाही. देवीचे सामर्थ्य तिच्या वयावर ठरत नाही आणि तिच्या पायाशी बसलेल्या भक्तिणीचे मात्र ठरते, यात भक्ती किती आणि सोय किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा आहे. 'हे सारे पाश्चात्यांचे खूळ. आमच्या आज्यांना असले काही झाले नाही.' याला आधारही काढून दाखविता येईल. मार्शा फ्लिंट या अमेरिकन अभ्यासिकेने राजस्थान व हिमाचलातील ४८३ राजपूत स्त्रियांची विचारपूस केली आणि १९७५ साली प्रसिद्ध केले की पाळी बदलण्यापलीकडे त्यांपैकी फारच थोड्या जणींची काही तक्रार होती. परंतु याच लेखिकेने पुढे जे सांगितले ते आक्षेपक सोडून देतात. त्या स्त्रियांचा पडदा पाळी गेल्यावर सुटत असे. त्या खालच्या माडीवर येऊन पुरुषांच्या बैठकीत बसू-बोलू शकत. जिला आयुष्यात प्रथमच मोकळी हवा मिळाली ती अंगातल्या वाफांची तक्रार कशाला करील? या अभ्यासाने रजोनिवृत्ती सुखाची ठरत नाही; पडदा किती दुःखाचा होता एवढेच ठरते. शिवाय, तिचे मन त्या वयात तिला मिळणाऱ्या वागणुकीने घडते, निव्वळ स्रावांनी नव्हे, ही आमचीच गोष्ट त्यातून सिद्ध होते. आणि आज्यांविषयी म्हणाल तर, आज्यांना कोणी विचारले होते? न बोललेले दुःख हे नसलेले दुःख नव्हे.

गर्भाशयावर ओळख उभारण्याचा शेवट कोठे होतो हे पाहावयाचे असेल तर केळापूरच्या कपाशीतून बीडच्या उसाकडे जावे लागते. तेथले ऊसतोड मजूर नवराबायकोच्या जोडीने उचल घेतात; त्या जोडीला 'कोयता' म्हणतात. दोन माणसांचे मिळून एक हत्यार! एका दिवसाचा खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांत, अंगावर जाण्याच्या त्रासात खाडा परवडत नाही. म्हणून 'पिशवी काढून टाकणे' हा उपाय निघाला. २०१९ साली हा प्रकार गाजल्यावर शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तिशी-चाळिशीच्या बाया होत्या. 'मुले झाली, आता पिशवीचे काय काम?' हे वाक्य तेथे वैद्यकीय सल्ला म्हणून खपले. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर निसर्गाने पन्नाशीला हळूहळू आणावयाची अवस्था तिशीतल्या बाईवर एका दिवसात कोसळते. वाचक म्हणतील, हा गरिबीचा प्रश्न. गरिबी आहेच. पण 'मुले झाली, काम संपले' हा विचार गरिबीने जन्माला घातलेला नाही. तो आपल्या सुखवस्तू दिवाणखान्यातून खाली उतरत उतरत उसाच्या फडापर्यंत पोचला आहे. आपण तो शब्दांनी अमलात आणतो. तेथे तो शस्त्राने अमलात आला.

तिसरा पक्ष बाजाराचा. तो म्हणतो, 'तुम्ही संपला नाहीत, कारण आम्ही तुम्हाला संपू देणार नाही.' रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टराने १९६६ साली एक गाजलेले पुस्तक लिहून स्त्रीला गोळ्यांच्या बळावर निरंतर तरुण ठेवण्याचे आश्वासन दिले आणि रजोनिवृत्तीला सरळ उणिवेचा रोग ठरविले. २००२ साली अमेरिकेतील मोठा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, तेव्हा त्याच गोळ्यांची सर्वत्र धास्ती पसरली. पुढच्या संशोधनाने दाखविले की खरी गोष्ट या दोन टोकांच्या मधली आहे. योग्य वयात, योग्य स्त्रीला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या उपचाराचा उपयोग होतो. औषधाशी आमचे भांडण नाही. ज्या बाईला झोप नाही तिला झोप मिळालीच पाहिजे. भांडण आहे ते जाहिरातीच्या तत्त्वज्ञानाशी. 'तरुण दिसाल तर तुम्ही आहात' असे सांगणारा बाजार आणि 'मूल होईल तोवर तू आहेस' असे सांगणारी सासू ही एकाच मायेची लेकरे आहेत.

कोणी विचारील, मग या वयाच्या स्त्रीने करावे तरी काय? आपल्याच इतिहासात पाहा. पार्वतीबाई आठवले १९१८ साली कर्व्यांच्या आश्रमासाठी निधी जमवावयास अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे केले तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ साली आला. त्या वेळी त्यांनी पासष्टी ओलांडली होती. ही उदाहरणे व्याख्यानांतून नेहमी देतात, म्हणून त्यांतली एक बोचरी गोष्ट नजरेआड होते. या तिघीही त्या वेळी विधवा होत्या. भरल्या घरातल्या, पती हयात असलेल्या किती स्त्रियांना पन्नाशीत एवढी मोकळीक मिळाली? स्त्रीला स्वतःचे आयुष्य लाभण्यासाठी आधी घर रिते व्हावे लागते, ही त्या थोर स्त्रियांची नव्हे, आपली नामुष्की आहे.

निसर्गाचा दाखला हवा असेल तर तोही आहे. बहुतेक प्राण्यांत मादीचे आयुष्य तिच्या प्रजननाबरोबरच सरत येते. मानव आणि काही दंतुर देवमासे हे थोडे अपवाद. ओर्का जातीत वृद्ध मादीच कळपाच्या पुढे राहते, आणि माशांचा दुष्काळ असला म्हणजे विशेषेकरून. टांझानियातील हाड्झा जमातीत कंद खणून नातवंडांना जगविणाऱ्या आज्यांचे काम क्रिस्टन हॉक्स यांनी नोंदले आणि माणसाच्या दीर्घायुष्याचे कारणच या आज्यांत शोधले. परंतु हा दाखला देतानाही सावध राहिले पाहिजे. नाहीतर 'निसर्गानेच तुला नातवंडे सांभाळावयास ठेवले आहे' असे म्हणून आपण तिला एका पाळण्यावरून काढून दुसऱ्या पाळण्याला बांधू. आजीपण आनंदाचे आहे. सक्तीचे झाले की तीही नोकरीच.

म्हणून मागणे साधे आहे. घरात या गोष्टीचा उच्चार मोकळेपणाने व्हावा. मुलीला पाळी येते तेव्हा आई समजावून सांगते, तसे आईची जाते तेव्हा मुलाने व नवऱ्यानेही समजून घ्यावे. केळापूरसारख्या तालुक्यातील उपकेंद्रात एकोणपन्नासनंतरही बाईचे नाव वहीत राहावे. तिची झोप, तिची हाडे, तिचे मन यांची विचारपूस व्हावी. आणि पिशवी काढण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरचे मत मिळण्याची सोय असावी. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले, तेथे मागे राहिलेल्या, शेत कसणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर लागावे, कारण ओळखीचा प्रश्न हा निव्वळ मनाचा नसून कागदाचाही असतो. आणि देवघराचा उंबरठा तिला पन्नाशीनंतर बक्षीस म्हणून देऊ नये. तो पहिल्या दिवसापासून तिचाच होता हे कबूल करावे.

यातले शेवटचे मागणे सर्वांत स्वस्त आहे. त्याला ना निधी लागतो, ना शासननिर्णय. आणि म्हणूनच ते सर्वांत अखेरीस मान्य होईल अशी आमची भीती आहे. ती खोटी पाडणे हे वाचकांच्या हाती आहे.